आधी पाणी, मग दाब

डिप्लोमा झाल्यावर पहिली आठ वर्षं मी पाण्याचे टँकर आणि उसाच्या ट्रॉल्या यांचीच ड्रॉइंगं काढली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप होतं, तीस-पस्तीस माणसांचं. ट्रकची चेसिस यायची, आम्ही तिच्यावर बॉडी चढवून द्यायचो. मी तिथली एकटी बाई. माझं टेबल कटिंग मशीनच्या शेजारी होतं, त्यामुळं कागदावर कायम लोखंडाची काळी पूड बसलेली असायची.

एके सकाळी मालक परदेशी यंत्राचं एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले आणि माझ्यापुढं टाकून म्हणाले, "हे जमेल का आपल्याला?"

कचरा दाबणारी गाडी होती ती. तिची रचना सांगायला सोपी आहे. गाडीच्या मागं एक उघडा हौद असतो. माणसं त्यात कचरा टाकतात. वरून एक जाड पोलादी पातं खाली उतरतं, कचरा कवेत घेतं आणि गाडीच्या पोटात कोंबतं. पोटात एक सरकती भिंत असते. ती कचऱ्याला समोरून अडवून धरते, म्हणून तो दाबला जातो. डेपोत गेल्यावर तीच भिंत मागं सरकत येते आणि सगळा कचरा बाहेर लोटून देते. माहितीपत्रकात लिहिलं होतं की चार गाड्यांचा कचरा या एका गाडीत मावतो.

मी म्हटलं, "जमेल."

मला तेव्हा खरंच वाटलं होतं. मापं वाढवली, कमी केली, हायड्रॉलिकचे सिलिंडर आपल्याकडं मिळतात ते घातले. वर्कशॉपमधले सगळ्यात जुने फिटर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, त्यांनी आणि मी मिळून चार महिन्यांत गाडी उभी केली. चाचांचं घर रोशन गेटकडं. चाळीस वर्षं लोखंडात गेलेली. बोलायचे थोडं, तेही दख्खनीत, आणि वेल्डिंगचा टाका बघून कुणी मारलाय ते सांगायचे. गाडीला हिरवा रंग दिला त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना जिलेबी वाटली.

शहरातला कचरा उचलणाऱ्या एका ठेकेदारानं गाडी चालवून बघायची तयारी दाखवली होती. चाचणी ठरली औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईजवळ, सकाळी सातला. ठेकेदाराकडचे साहेब आले होते, इस्त्रीची फिकट पँट, चकचकीत बूट. मालक त्यांच्या शेजारी उभे राहून दाबाचे आकडे सांगत होते. कचरा टाकायला चारजण होते, त्यांत एक मावशी. पन्नाशीच्या, मूळच्या पाचोडकडच्या, हातात घरी शिवलेले कापडी मोजे. बाकी तिघं त्यांच्याच शब्दावर हलतात हे पहिल्या पाच मिनिटांतच कळत होतं.

पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी पातं खाली आलं, कचरा आत गेला, आणि गाडीचं मागचं दार जिथं बॉडीला टेकतं तिथल्या रबरातून एकदम फस्स करून आवाज झाला. काळ्या पाण्याची एक धार सुटली. साहेबांच्या पँटवर गुडघ्यापासून खाली नक्षी उमटली.

आम्ही सगळे धावलो. मालकांनी स्वतःचा रुमाल काढला, ड्रायव्हरनं पाण्याची बाटली आणली, मी ओढणीचं टोक पुढं केलं. सॉरी सॉरी चाललं होतं. साहेब जीपकडं निघून गेले. मग मी मागं वळून बघितलं.

मावशी गाडीच्या अगदी मागं उभ्या होत्या. साहेबांना धारेचा शेवट लागला होता, सुरुवात मावशींना लागली होती. तोंड, गळा, ब्लाउज, सगळं काळं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि त्यांच्याकडं कुणीही गेलं नव्हतं. मीही नाही.

मी जवळ गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमची गाडी थुंकती."

त्या दिवसाइतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. गाडी बिघडली याची तर होतीच, पण मी आधी कुणाकडं धावले याची जास्त.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर मालक म्हणाले, "जाड रबर लाव. दुप्पट जाड."

लावलं. मंडईतून दोन टेम्पो कचरा मागवून वर्कशॉपच्या आवारातच गाडी चालवली. आता दारातून पाणी आलं नाही, ते खालच्या जोडातून आलं. तो जोड बंद केला तर पात्याच्या खाचेतून वर आलं. चाचा बाजूला उकिडवे बसून बघत होते. ते म्हणाले, "बेटा, पानी कू बंद करे तो उने दूसरा रस्ता ढूंढता. पानी कू रस्ता देव."

ऐकायला सोपं होतं, पण रस्ता द्यायचा कुठून? दाबलेल्या कचऱ्यातलं पाणी आतच अडकून राहतं आणि सापडेल त्या फटीतून जोरानं सुटतं. मालकांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी सांगितलं, दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर ती बॉडी उतरवून चेसिसवर टँकर चढवू.

मी त्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली. तीन आठवडे मला सकाळी कचऱ्याच्या गाडीवर जाऊ द्या.

"तू कशाला? ड्रॉइंग कर की."

"ज्याच्यासाठी ड्रॉइंग करायचं तो कचरा मी बघितलाच नाही, शेठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मंडईच्या कोपऱ्यावर उभी होते. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वतःच्या पिशवीतून मोज्यांची जोडी काढून दिली. "घाला. काच असती."

त्या तीन आठवड्यांत मला कळलं की आपण कागदावर ज्याला कचरा म्हणत होतो तो हा नव्हेच. त्या माहितीपत्रकातला कचरा म्हणजे पुठ्ठ्याची खोकी, डबे, बाटल्या. हलका आणि पोकळ. दाबला की बसतो. आपला कचरा म्हणजे मेथीच्या काड्या, उसाचा चोथा, नारळाच्या करवंट्या, शिळा भात, चहाची पूड, रस्ता झाडल्यावर आलेली माती. तो आधीच गच्च असतो, आणि ओला. त्याला दाबून लहान करायला गेलं की लहान होत नाही, नुसता पिळला जातो. आम्ही गाडीला जोर दिला होता पिळण्याचा आणि पिळलेलं पाणी जाणार कुठं याचा विचारच केला नव्हता.

दुसरी गोष्ट मला माझ्या खांद्यानं शिकवली. हौदाचा कठडा मी छातीच्या उंचीला ठेवला होता, कारण माहितीपत्रकात तसा होता. मावशींच्या रोजच्या जुन्या गाडीची कडाही तेवढीच उंच होती. पहिल्या दिवशी मी पंधरा-वीस टोपल्या वर फेकल्या आणि संध्याकाळी माझा उजवा हात केस विंचरायला वर जाईना. मावशींना विचारलं, "तुमचा खांदा दुखत नाही?"

"दुखतो ना. रात्री ह्या कुशीवर झोपता येत नाय." त्यांनी उजव्या बाजूला हात लावला. "लई वर्सं झाली. सगळ्यांचंच हाय."

आणि तिसरी गोष्ट आमच्या गाडीच्या पात्याची. पातं खाली येताना कुणाचा हात, पदर, पोत्याची दोरी अडकली तर ते थांबवायचं बटण पुढं ड्रायव्हरच्या बाजूला. मागून ओरडायचं, ड्रायव्हरनं ऐकायचं, मग थांबवायचं. मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिताना माझ्याच ड्रॉइंगचा मला राग आला.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं होतं. आमचं घर भावसिंगपुऱ्याकडं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, मी आणि वडील दोघंच राहतो. वडील सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, शहागंजच्या गल्ल्या झाडायची आणि कचऱ्याची पाटी डोक्यावरून गाड्यापर्यंत न्यायची. वडील नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी तिची पाटी आणि झाडू दोन्ही चुलीत घातलं. आमच्या घरात बुद्धवंदनेच्या खालोखाल त्या गोष्टीला मान. लहानपणापासून मी ती इतक्या वेळा ऐकली होती की चुलीतला जाळ मी स्वतः बघितल्यासारखा वाटायचा.

मी पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी जवळून गेले आणि त्यांनी पेपर खाली केला. चौथ्या दिवशी बोलले.

"झाडू जाळला तो काय, तुला परत कचऱ्यात उभं राहता यावं म्हणून?"

"मी कचरा उचलायला जात नाही, बाबा. मशीन बनवतेय."

"मशीनचा वास येत नाही. तुझा येतोय."

मी दमले होते. गप्प बसायला हवं होतं, पण बोलून गेले. "आपण ते काम सोडलं, बाबा. ते काम कुठं संपलं? आजीच्या जागी आज दुसरं कुणीतरी उभंच आहे. मी रोज तिच्या शेजारी उभी राहते."

ते उठून आत गेले. दोन दिवस आमच्यात जेवायला वाढू का, एवढंच बोलणं होतं.

इकडं वर्कशॉपमध्ये मी आणि चाचांनी एक पिंप कापून त्याच्या तळाला भोकं पाडली होती. त्यात कचरा भरायचा, वर लोखंडी चकती ठेवायची आणि गाडी उचलायच्या जॅकनं दाबायचं. खाली बादली. रोज तेच चालायचं. आम्ही चकती जोरात दाबली की बादलीत थोडं पाणी यायचं, मग एकदम बंद व्हायचं आणि पिंपाच्या वरच्या कडेनं उसळायचं. उघडून बघितलं की तळाची भोकं बुजलेली. मी तीच मापं बदलून बदलून करत होते आणि चाचा रोज निमूटपणे पिंप धुवत होते.

एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. वडील पाणी प्यायला आले, ग्लास हातात घेऊन माझ्या मागं थांबले. मग त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हा हौद का?"

"हो."

"ह्यातलं पाणी कुठं जातं?"

"तेच तर कळत नाहीये, बाबा. दाबलं की बाहेर उडतं."

त्यांनी खुर्ची ओढली. ग्लास तसाच हातात. "आई पाटी भरली की लगेच उचलायची नाही," ते म्हणाले. "एखाद्या ओट्याला तिरपी टेकवायची. वरून दोन्ही तळव्यांनी हळू दाबायची. जोर नाही, नुसतं हातांचं वजन ठेवल्यासारखं. आणि तशीच थांबायची. पाणी नालीत ठिबकून जायचं. मग उचलायची. बाकीच्या बायका तिला हसायच्या, तू काय पाटीची पूजा करती का म्हणून. पण त्यांच्या मानेवरून पाठीत पाणी उतरायचं. तिच्या नाही."

वडील आजीबद्दल बोलायचे तेव्हा नेहमी चुलीतल्या जाळाबद्दलच बोलायचे. तिच्या हातांबद्दल मी पहिल्यांदा ऐकत होते.

"थांबायची म्हणजे किती?" मी विचारलं.

"मी शेजारी उभा असायचो. सात-आठ मोजण्याइतकं." मग म्हणाले, "लवकर उचलली की मानेवर. ती म्हणायची, आधी पाणी, मग वजन."

सोमवारी मी गाडीवर गेलेच नाही, थेट वर्कशॉपमध्ये गेले. पिंप तिरपं केलं, कचरा भरला, जॅक हलका टेकवला आणि चाचांना म्हटलं, "आता थांबायचं." आम्ही दोघं मोजत बसलो. बादलीत धार लागली. बारीक, पण न थांबणारी. आठपर्यंत मोजलं, मग पूर्ण जोर लावला. वरून काही उसळलं नाही. कचरा पिंपात खाली बसला आणि चकतीवर पाण्याचा थेंब नव्हता.

चाचा वाकून बादलीकडं बघत होते. मग म्हणाले, "ये किन्ने सिखाया तुमना?"

"माझ्या आजीनं."

त्यांनी मान डोलावली, जशी काही माझी आजी एखाद्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर होती.

त्यानंतरचे दिवस मला अजून एकेक आठवतात. हौदाचा तळ आम्ही तिरपा केला आणि त्यावर जाळी घातली. पात्याला दोन चाली दिल्या. पहिली हलकी, नुसती कचऱ्यावर टेकून थांबायची, आणि तेवढ्यात पाणी जाळीतून खालच्या टाकीत उतरायचं. मगच दुसरी चाल, जोराची. गाडीच्या पोटातला दाब उलट मी कमी केला. मालकांना ते पटेना. दाबायची गाडी आणि दाबच कमी? मी त्यांना बादली दाखवली. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "कर."

जाळीनं मात्र दमवलं. गोल भोकं शितांनी आणि काड्यांनी तासाभरात बुजायची. चाचांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पोलादी पट्ट्या दोन्ही अंगांनी तिरप्या घासून शेजारी शेजारी बसवल्या, अशा की मधली फट वर अरुंद आणि खाली रुंद. "जो घुसा उने गिर्‍या समझो," ते म्हणाले. आणि तसंच झालं. जे काही फटीत शिरायचं ते खाली पडून जायचं, अडकायला जागाच उरली नाही. चाळीस वर्षांच्या लोखंडात त्यांनी असली जाळी कधी केली नव्हती. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला.

कठड्यावरून मालकांशी वाजलं. मी तो कमरेच्या उंचीला आणला होता. ते म्हणाले, हौदात कचरा कमी मावेल, खेपा वाढतील. मी वाद घातला नाही. एका टोपल्यात ओली वाळू भरली आणि त्यांना म्हटलं, "शेठ, जुन्या कठड्यावरून वीस वेळा टाकून दाखवा. मग तुम्ही म्हणाल ते."

वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम सोडून बघत होते. मालकांनी बाह्या वर केल्या. चार टोपली जोरात गेली. पाचव्याला त्यांनी श्वास घेतला. सातव्याला टोपलं कठड्यावर आपटून वाळू त्यांच्याच बुटांत गेली. ते हसायला लागले, मग आम्हीही.

"घे खाली," ते म्हणाले.

शेवटी हौदाच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढी लाल थाप, म्हणजे हातानं थापटायचं बटण, बसवली. कोपरानं, ढोपरानं, कशानंही धक्का लागला तरी पातं तिथल्या तिथं थांबून मागं जाईल अशी. ती किती उंचीवर लावायची हे ठरवायला मावशींना वर्कशॉपमध्ये बोलावलं. त्या हौदाजवळ उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि घाबरल्यावर हात जिथं जाईल तिथं चटकन हात मारला. चाचांनी त्या जागी खडूनं फुली काढली.

दुसरी चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. मालक म्हणाले, एवढा ओला दिवस कशाला? मी म्हटलं, याच दिवशी. मंडईजवळ झेंडूचा खच पडला होता. रात्री पाऊस झालेला, फुलं भिजून जड झालेली, केळीचे खुंट, आपट्याच्या फांद्या, हारांचे दोरे, सगळं एकात एक. साहेब या वेळी रसवंतीच्या दुकानापाशी उभे राहिले, गाडीपासून चांगले वीस पावलं लांब. गडद पँट घालून आले होते. कुणी हसलं नाही.

मी दाराखाली, जिथून पहिल्यांदा पाणी उडालं होतं, तिथं रस्त्यावर वर्तमानपत्रं पसरली. मावशी आपल्या जागेवर, गाडीच्या अगदी मागं.

"मावशी, थोडं बाजूला उभ्या राहा आधी," मी म्हटलं.

"कामून? गाडी तुमचीच हाय ना?"

"हो."

"मग मी हितंच हाय."

पहिली भर पडली. पातं उतरलं, झेंडूवर टेकलं आणि थांबलं. मी मनात मोजत होते. हौदाखालून टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, नळ उघडल्यासारखा. सात. आठ. पातं पुन्हा हललं आणि अख्खा ढीग आत घेऊन गेलं. चाचा गुडघ्यांवर बसून वर्तमानपत्राकडं बघत होते. त्यांनी हात वर करून अंगठा दाखवला.

दुसरी भर, पाचवी, बारावी. कठड्यावरून टोपली अशी जात होती की चौघांचा वेग बघता बघता वाढला. आजूबाजूच्या भाजीवाल्या बायका आपापला कचरा घेऊन स्वतःच यायला लागल्या. आणि मग पात्याबरोबर एकदम काहीतरी लांब, जांभळं आत ओढलं जायला लागलं. कुणाची तरी जुनी साडी होती, हारांच्या दोऱ्यांत गुंतलेली, आणि तिचं दुसरं टोक खाली पडलेल्या फांदीत अडकून मावशींच्या पायाभोवती आलेलं. मी ओरडायच्या आत मावशींचा तळहात लाल थापेवर पडला. पातं जागीच थांबलं आणि मागं गेलं. मावशींनी वाकून पाय सोडवला, साडी ओढून काढली, बाजूला फेकली.

साहेब लांबून ओरडले, "काय झालं? बिघडली?"

मावशी वळल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बिघडली नाय सायेब. म्या थांबवली."

आणि थापेवरचा हात काढून त्यांनी खूण केली, चालू द्या.

मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. गाडी आता त्यांची झाली होती.

गाडीचं पोट भरल्यावर चाचांनी वर्तमानपत्रं उचलली आणि साहेबांकडं घेऊन गेले. कोरडी होती. साहेबांनी एक पान हातात घेतलं, उलटलं आणि पहिल्यांदाच गाडीच्या जवळ आले. मी त्यांच्यामागून वळले तर कोथिंबिरीच्या ढिगामागं वडील उभे दिसले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत पिशवी. मी त्यांना फक्त चाचणीचा दिवस सांगितला होता, या म्हटलं नव्हतं.

ते कुणाकडं न बघता गाडीपाशी आले. कठड्यावर हात ठेवला. तो हात तसाच सरळ आडवा स्वतःच्या अंगापर्यंत आणून बघितला, कमरेला लागला. "आई माझ्या खांद्याएवढी होती," ते मला म्हणाले. "तिलाही उंच पडला नसता." मग त्यांनी खाली वाकून जाळी बघितली, टाकीवर बोटानं टकटक केलं, भरलेल्या टाकीचा जड आवाज ऐकला. सरळ उभे राहिले आणि कचेरीतल्या आवाजात साहेबांना म्हणाले, "नमस्कार. ही गाडी माझ्या मुलीनं बनवलीय."

साहेबांनी हात जोडले. मंडईतल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही.

डेपोवर गाडी रिकामी करून बघायची होती. ड्रायव्हरनं केबिनचं दार उघडलं आणि कोण कोण येतंय ते विचारलं. मी पुढं व्हायच्या आत वडिलांनी पायरीवर पाय ठेवला. ज्या माणसानं पाटी आणि झाडू चुलीत घातला होता तो कचऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर, पाठ ताठ. मी मधे. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वर बघितलं तर त्यांनी त्याला हात केला.

डेपोत चाचांनी आधी टाकीचा नळ उघडला. काळं पाणी खड्ड्यात पडायला लागलं. ते बादल्यांनी मोजणार होते, पण चौदाव्या बादलीनंतर त्यांनी बादली बाजूला ठेवली आणि वाहू दिलं. मग मागचं दार वर उचललं. सरकती भिंत कुरकुरत मागं निघाली आणि आतला कचरा हळूहळू बाहेर आला, न सांडता, न ओघळता, एक अख्खा चौकोनी ठोकळा. वरून झेंडूचा पिवळा-केशरी थर, खाली हिरवं. जमिनीवर टेकला आणि तसाच उभा राहिला. मावशी आणि त्यांचे तिघं दुसऱ्या गाडीतून आले होते. मावशी पुढं झाल्या आणि त्या ठोकळ्याला हातानं थोपटलं, जशी म्हैस थोपटावी.

"लई भारी," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मालकांना विचारलं, "अशा किती देऊ शकाल?"

मालक नेहमी असल्या प्रश्नाला पटकन उत्तर द्यायचे. त्या दिवशी ते माझ्याकडं बघायला लागले. चाचाही. वडील केबिनच्या पायरीवर बसून पिशवीतली पाण्याची बाटली शोधत होते, त्यांनी शोधणं थांबवलं.

"संक्रांतीपर्यंत सहा," मी म्हटलं. "पुढच्या सहा पाडव्यापर्यंत. पण एक आहे साहेब, कठडा आणि थाप यात बदल होणार नाही. कुणी सांगितलं तरी."

साहेब मावशींकडं वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

मावशींना याआधी कुणी असं विचारलं नसावं. त्यांनी मोजे काढले, एकमेकांवर झटकले, आणि म्हणाल्या, "व्हय. बारा बी कमीच पडतील."